घरगुती संगणक आणि मोफत विषाणुरोधक प्रणाली

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणकाचा जो प्रसार झाला, त्यामुळे कार्यालयातील काम आणि घरातील काम यांमधील भिंत पुष्कळच पातळ झाली आहे. प्राथमिक शाळेतील शिक्षक यू-डायसच्या नोंदणीसाठी लागणारी विद्यार्थ्यांची माहिती रात्री घरच्या संगणकावर तयार करतात. ग्रामपंचायतीचा सदस्य ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा मुलाच्या लॅपटॉपवर टंकलिखित करून घेतो. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, त्यांच्या आधारपत्रांच्या प्रती, बँकेच्या पासबुकाची पहिली पाने अशी कागदपत्रे पेन ड्राइव्हमधून पंचायत कार्यालयातून घरी, घरून झेरॉक्सच्या दुकानात आणि तेथून पुन्हा कार्यालयात असा प्रवास करीत असतात. ज्या यंत्राला केवळ घरगुती म्हणून संबोधले जाते, त्यात प्रत्यक्षात गावातील अनेक कुटुंबांची माहिती साठलेली असते. ते यंत्र दूषित झाले तर होणारी हानी एकट्या मालकाची राहत नाही.

अशा यंत्राच्या संरक्षणासाठी दरवर्षी पैसे भरून विषाणुरोधक प्रणाली, म्हणजे व्यवहारातील शब्दांत अँटिव्हायरस, विकत घ्यावी की मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर भागवावे, हा प्रश्न नवा संगणक घेताना हमखास उपस्थित होतो. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते आणि त्यात त्याचे हित असते. तटस्थपणे विचार करता असे दिसते की, घरगुती वापरासाठी मोफत प्रणाली पुरेशी ठरू शकते. मात्र 'मोफत' या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा आहे. तो कोणत्या अर्थाने वापरला आहे, हे न पाहता प्रणाली बसविणे हे प्रणाली न बसविण्याइतकेच धोक्याचे होऊ शकते.

विषाणूचे स्वरूप

संगणकाचा विषाणू हा सजीव नव्हे. माणसाने लिहिलेली ती एक आज्ञावली असते. तिचे वेगळेपण इतकेच की, ती मालकाच्या संमतीवाचून चालते आणि स्वतःची प्रत दुसऱ्या फाइलमध्ये वा दुसऱ्या यंत्रावर उतरविते. १९८३ साली अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने अशी आज्ञावली प्रयोगादाखल तयार केली, तेव्हा त्याचे मार्गदर्शक लिओनार्ड ॲडलमन यांनी तिला 'व्हायरस' हे नाव सुचविले. पुढे १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात अनेक देशांत पोहोचला. आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांत पसरलेला तो पहिला विषाणू मानला जातो. त्या भावांनी आपली नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही त्यात लिहून ठेवले होते. आज विषाणू लिहिणारे इतके भाबडे राहिलेले नाहीत.

प्रारंभीच्या काळात या उद्योगामागे बहुधा खोडसाळपणा किंवा बुद्धीचे प्रदर्शन असे. आज त्यामागे धंदा आहे. काही आज्ञावल्या यंत्रातील सर्व फाइलींना जणू कुलूप घालतात आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागतात. यांना रॅन्समवेअर म्हणतात. काही आज्ञावल्या कोणताही गाजावाजा न करता ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड गोळा करून परक्याच्या हाती देतात. आणखी काही यंत्राला 'बॉट' बनवितात, म्हणजे मालकाच्या नकळत ते यंत्र दूरच्या कोणाच्या तरी हुकमतीखाली इतरांवर हल्ले करण्यासाठी राबविले जाते. खंडणीचा विषाणू निदान स्वतःहून प्रकट तरी होतो. उरलेले दोन प्रकार महिनोन् महिने वस्तीला असले तरी यंत्र थोडे मंद झाले यापलीकडे काही जाणवत नाही आणि त्याबद्दलचा दोष बहुधा यंत्राच्या वयाला दिला जातो.

या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा उल्लेखनीय आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर यांच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणूंचे प्रमाण वाढू लागले, तेव्हा त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर उपाय करणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. १९९० नंतरच्या दशकात त्यांतूनच 'क्विक हील' ही प्रणाली उभी राहिली. ती विकत घ्यावयाची प्रणाली आहे. तथापि बॉट काढून टाकण्याचे तिचे एक साधन शासकीय केंद्रामार्फत विनामूल्य मिळते, त्याचा उल्लेख पुढे येईल.

रक्षण कसे होते

विषाणुरोधक प्रणालीचे काम दोन रीतींनी चालते. पहिली रीत ओळख पटविण्याची. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांची नोंद असते, त्याप्रमाणे या प्रणालीजवळ ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी असते. यंत्रात येणारी प्रत्येक फाइल या यादीशी ताडून पाहिली जाते. दुसरी रीत वर्तनावर नजर ठेवण्याची. गावात आलेला नवखा इसम रात्री घरोघरची कुलपे हलवून पाहू लागला, तर त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसले तरी राखणदार त्याला हटकतो. तद्वतच एखादी अनोळखी आज्ञावली काही क्षणांत शेकडो फाइली बदलू लागली तर प्रणाली तिला रोखते.

या दोन्ही रीतींना मर्यादा आहेत. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही तपासणी संस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक वा अनिष्ट आज्ञावल्यांची नोंद करते. त्यांतील पुष्कळशा जुन्यांचीच रूपे बदलून तयार केलेल्या असतात. तरीही खुणांची यादी दिवसेंदिवस अद्ययावत होत राहिली नाही, तर ती काही आठवड्यांतच निरुपयोगी होऊ लागते. वर्तनावरून संशय घेणारी रीत कधी कधी निरपराधालाही अडविते. शिवाय कोहेन यांनी गणिताच्या आधारे असे सिद्ध केले आहे की, सर्व विषाणू अचूक ओळखणारी आणि एकाही निर्दोष आज्ञावलीवर आळ न घेणारी पद्धती तयार करणे तत्त्वतःच अशक्य आहे. तेव्हा शंभर टक्के संरक्षणाची जाहिरात करणारी प्रणाली, मग ती मोफत असो वा महागडी, सत्याशी प्रामाणिक नसते.

बसविलेली प्रणाली खरोखर जागी आहे किंवा नाही, हे पाहण्याची एक निरुपद्रवी सोयही आहे. 'आयकार' नावाने ओळखली जाणारी अवघ्या ६८ अक्षरचिन्हांची एक चाचणी फाइल तज्ज्ञांनी ठरवून दिली आहे. तिच्यात विषाणू नसतो, परंतु बहुतेक सर्व प्रणालींनी तिला विषाणू समजून अडवावे असा संकेत आहे. शाळेच्या संगणक कक्षात विद्यार्थ्यांना या विषयाची ओळख करून देताना तिचा चांगला उपयोग होतो.

'मोफत' शब्दाचे तीन अर्थ

मोफत मिळणाऱ्या प्रणाली मुख्यत्वे तीन प्रकारच्या आहेत. प्रत्येकीचा खर्च कोणीतरी सोसत असतोच. तो कोण सोसतो आणि का सोसतो, हे लक्षात घेतले म्हणजे निवड सोपी होते.

पहिला प्रकार संगणकाच्या कार्यप्रणालीतच अंतर्भूत असलेल्या रक्षकाचा. विंडोज बनविणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००९ साली 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध करून दिली होती, परंतु ती वेगळी उतरवून घ्यावी लागे. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून 'डिफेंडर' या नावाने पूर्ण विषाणुरोधक प्रणाली विंडोजमध्येच समाविष्ट झाली. तिचा खर्च विंडोजच्या किमतीतच आलेला असतो. प्रारंभीच्या काळात तज्ज्ञांच्या तपासण्यांत ती मागे पडत असे आणि तिच्याविषयीचा तो जुना ग्रह अनेकांच्या मनात अद्याप कायम आहे. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांत एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थांच्या तपासण्यांत तिने विकतच्या प्रणालींच्या बरोबरीने स्थान मिळविले आहे. घरात दुसरे काहीही न बसविता ही एकच प्रणाली चालू आणि अद्ययावत ठेवली, तरी सामान्य कुटुंबाची गरज भागते.

दुसरा प्रकार खाजगी कंपन्यांच्या मोफत आवृत्त्यांचा. चेक प्रजासत्ताकातील अवास्ट आणि एव्हीजी, जर्मनीतील अविरा ही यांतील जुनी नावे. आज ही तिन्ही एकाच अमेरिकी समूहाच्या मालकीची आहेत. या आवृत्त्यांतील विषाणू ओळखणारे मूळ यंत्र बहुधा विकतच्या आवृत्तीतीलच असते. म्हणून संरक्षणाच्या दृष्टीने त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. कंपनीची अपेक्षा अशी असते की, मोफत वापरणाऱ्यांपैकी काही जण पुढे पैसे भरून वरची आवृत्ती घेतील. त्यासाठी पडद्यावर वारंवार सूचना झळकतात. त्यांतील काहींची भाषा नेमकी विषाणू सापडल्याच्या इशाऱ्यासारखी असते. यंत्रात अमुक इतके दोष आढळले असे सांगणाऱ्या खिडकीत ते दोष म्हणजे विषाणू आहेत की केवळ ब्राउझरने साठविलेल्या तात्पुरत्या फाइली आहेत, हे वाचून पाहिल्याखेरीज पैसे भरू नयेत.

परंतु जाहिरात हा त्रास झाला, हानी नव्हे. हानीचे उदाहरण निराळे आहे. अवास्ट कंपनीने 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत आपल्या ग्राहकांची इंटरनेटवरील भ्रमंती, म्हणजे कोणते संकेतस्थळ केव्हा पाहिले याची तपशीलवार माहिती, इतरांना विकल्याचे जानेवारी २०२० मध्ये वृत्तपत्रीय शोधातून उघडकीस आले. त्याच महिन्यात कंपनीने जम्पशॉट बंद करीत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी करून फेब्रुवारी २०२४ मध्ये ठेवलेल्या आरोपानुसार ही माहिती शंभराहून अधिक कंपन्यांना विकली गेली होती. कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले आणि अशी माहिती जाहिरातीसाठी विकण्यास तिला मनाई करण्यात आली. या प्रकरणातील विपर्यास असा की, लोकांनी ती प्रणाली हेरगिरीपासून रक्षण व्हावे म्हणूनच बसविली होती. आणि माहिती गोळा करण्याची परवानगी संमतीच्या लांबलचक मजकुरावर टिचकी मारताना घेतली जाते, म्हणूनच तो मजकूर दुर्लक्षिण्याजोगा नसतो. मोफत आवृत्ती बसविताना 'कस्टम' हा पर्याय निवडून ब्राउझरची जोडणी, माहिती देवाणघेवाणीची संमती, सोबत येणारी अन्य साधने यांपुढील खुणा काढून टाकणे शक्य असते. दोन मिनिटांचे हे काम फार थोडे लोक करतात.

तिसरा प्रकार मुक्त स्रोत प्रणालींचा. 'क्लॅमएव्ही' हे त्यांचे ठळक उदाहरण. तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व सुधारता येते आणि ती कोठेही, कितीही यंत्रांवर वापरण्यास मुभा आहे. तिचा मुख्य उपयोग ई-मेलच्या सर्व्हरवर होतो. घरगुती विंडोज संगणकावर अहोरात्र पहारा देण्यासाठी ती पहिल्या दोन प्रकारांइतकी सोयीची नाही.

परवान्याची अट

येथे शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा येतो. खाजगी कंपन्यांच्या मोफत आवृत्त्यांचे परवाने साधारणतः वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरापुरते असतात. शिक्षकाने स्वतःच्या घरी बसविलेली मोफत आवृत्ती शाळेच्या संगणक कक्षातील दहा यंत्रांवर उतरविणे, किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तीच प्रणाली चालविणे, हे त्या परवान्यात सहसा बसत नाही. चांगल्या हेतूने, पैसे वाचविण्यासाठी असे केले जाते. पण संस्थेच्या नावावर नियमभंग होतो आणि कंपनीकडून मदत मिळण्याचा मार्गही राहत नाही. विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडरला ही अडचण नाही, कारण अधिकृत विंडोजसोबत तो कार्यालयातही वापरता येतो. अर्थात विंडोजच अनधिकृत असेल तर सर्वच बोलणे खुंटते. क्रॅक केलेली विंडोज चालू करण्यासाठी जी आज्ञावली वापरली जाते, ती चालावी म्हणून विषाणुरोधक प्रणाली आधी बंद करावी लागते. राखणदाराला रजेवर पाठवून घर अनोळखी माणसाच्या ताब्यात देण्यासारखाच हा प्रकार आहे.

बनावट रक्षक

मोफत अँटिव्हायरस शोधणाऱ्यांनाच गाठण्याचा एक जुना धंदा आहे. एखादे संकेतस्थळ पाहत असताना अचानक पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो आणि यंत्रात अनेक विषाणू सापडल्याचे, मोफत तपासणीसाठी येथे टिचकी मारण्याचे आवाहन झळकते. 'विनफिक्सर', 'एक्सपी अँटिव्हायरस' अशा नावांनी बनावट प्रणाली विकणाऱ्या टोळीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयात दाद मागितली. तेव्हा दहा लाखांहून अधिक ग्राहक फसविले गेल्याचे कमिशनने म्हटले होते. या धंद्याची आजची रीत थोडी निराळी आहे. पडद्यावर एक दूरध्वनी क्रमांक दिसतो, पलीकडून बोलणारा इसम स्वतःला मोठ्या कंपनीचा तंत्रज्ञ म्हणवितो आणि यंत्राचा दूरस्थ ताबा देणारी आज्ञावली बसवावयास लावतो. एकदा ताबा मिळाला की बँकेचे खाते उघडावयास सांगितले जाते.

यावर ओळखण्याची खूण सोपी आहे. कोणतेही संकेतस्थळ केवळ पाहिल्याने घरातील यंत्राच्या आतील तपासणी करू शकत नाही. तेव्हा विषाणू सापडल्याचे ब्राउझरच्या खिडकीतून सांगणारा मजकूर खोटाच असतो. कोणतीही नामांकित कंपनी इशाऱ्यासोबत दूरध्वनी क्रमांक देत नाही. अशा वेळी ती खिडकी बंद करावी. ती बंद होत नसेल तर यंत्रच बंद करून पुन्हा चालू करावे. मोफत प्रणाली हवीच असेल तर ती तिच्या निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. कोणा परिचिताच्या पेन ड्राइव्हमधून किंवा शोधात सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातीतून ती घेऊ नये.

नित्याची काळजी

एका यंत्रावर एकच पहारेकरी असावा. दोन प्रणाली एकाच वेळी चालविल्या तर त्या एकमेकींवर संशय घेतात, यंत्र मंदावते आणि काही फाइली दोघींच्या ओढाताणीत अडकतात. दुसरी प्रणाली बसविली की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. नव्या लॅपटॉपमध्ये दुकानातूनच विकतच्या प्रणालीची ठराविक मुदतीची आवृत्ती भरलेली असते. मुदत संपल्यावर तिला नव्या खुणा मिळणे थांबते, पण तिचे चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात तसेच राहते आणि घरातील मंडळी निर्धास्त असतात. वर्गणी भरावयाची नसेल तर अशी प्रणाली रीतसर काढून टाकावी आणि 'विंडोज सिक्युरिटी' या पृष्ठावर जाऊन डिफेंडर चालू झाल्याची खात्री करावी.

ग्रामीण भागात अजूनही पेन ड्राइव्ह हा विषाणूचा मोठा वाहक आहे. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकात दिवसभर अनेकांचे पेन ड्राइव्ह लागतात. तेथून परतलेल्या पेन ड्राइव्हमधील फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसणे, हा अनुभव अनेक शाळांना आलेला आहे. मूळ फाइली बहुधा नष्ट झालेल्या नसतात, त्या लपविलेल्या असतात. घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट केल्याने मात्र त्या खरोखरच जातात. अशा शॉर्टकटवर टिचकी न मारता प्रथम संपूर्ण पेन ड्राइव्हची तपासणी करावी आणि नंतर लपविलेल्या फाइली दाखविण्याचा पर्याय चालू करून त्या परत मिळवाव्यात. फाइलीच्या नावाचे शेपूट, म्हणजे एक्सटेन्शन, नेहमी दिसेल अशी व्यवस्था विंडोजमध्ये करून ठेवणेही हितावह. फोल्डरचे चित्र धारण केलेली वस्तू प्रत्यक्षात 'ईएक्सई' आहे, हे त्यामुळे एका दृष्टिक्षेपात कळते. छपाईपुरताच प्रश्न असेल तर दुकानात पीडीएफची एकच प्रत असलेला वेगळा पेन ड्राइव्ह न्यावा. सर्व लाभार्थ्यांच्या कागदपत्रांचा भरलेला पेन ड्राइव्ह त्या दुकानात जाण्याचे काहीच कारण नाही.

भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. बॉट काढून टाकणारी, क्विक हीलसह अन्य भारतीय कंपन्यांनी दिलेली साधने तेथे विनामूल्य मिळतात. पेन ड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवणारे 'यूएसबी प्रतिरोध' हे सी-डॅकने तयार केलेले साधनही या केंद्राने पुढे आणले. ही साधने नित्याच्या पहाऱ्याची जागा घेत नाहीत. अधूनमधून दुसऱ्या वैद्याचे मत घ्यावे तसा त्यांचा उपयोग करावा. संशयास्पद फाइल अनेक प्रणालींकडून एकाच वेळी तपासून देणारी 'व्हायरसटोटल' ही गुगलच्या मालकीची मोफत सेवाही याच प्रकारची आहे. फक्त तेथे चढविलेली फाइल जगभरातील तज्ज्ञांना पाहता येते. म्हणून नागरिकांची माहिती असलेला कागद तेथे तपासावयास टाकू नये.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. ई-ग्रामस्वराजमार्फत निधी अदा करताना त्यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरले जाते. ते काम संपताच यंत्रातून काढून ठेवावे. घरच्या यंत्राला ते लावून ठेवणे आणि त्याचा पिन त्याच यंत्रातील एखाद्या फाइलीत लिहून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवणे होय.

प्रणालीला न जमणारे काम

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीच्या विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक ग्रासले. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांना त्याची झळ पोहोचली. फाइली सोडविण्यासाठी ३०० डॉलरची मागणी बिटकॉइनमध्ये केली जात होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्या छिद्रातून हा विषाणू शिरला, ते बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, विनामूल्य दिलेली होती. ज्यांनी ती बसविली होती त्यांच्या यंत्रांत हे छिद्रच शिल्लक नव्हते. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, 'नॉटपेट्या' नावाच्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे व्यवहार विस्कळीत केले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम अडले. युक्रेनमधील एका लेखा-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून सुटलेला विषाणू रायगड जिल्ह्यातील बंदरापर्यंत पोहोचावयास फार वेळ लागला नाही.

विषाणुरोधक प्रणाली म्हणजे दारावरचा पहारा, तर कार्यप्रणालीच्या सुधारणा म्हणजे भिंतीची डागडुजी. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. हा भेद विंडोज १० च्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावा लागेल. या आवृत्तीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नाव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी वाढीव मुदत ठेवण्यात आली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. डिफेंडरच्या खुणांची यादी मात्र त्यानंतरही ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असे कंपनीने जाहीर केले आहे. परिणाम असा की, पडद्यावर हिरवी खूण दिसत राहील आणि भिंतीतील नवी छिद्रे उघडीच राहतील. ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांवर लिनक्सची एखादी मोफत आवृत्ती बसविणे हा पर्याय आहे. टंकलेखन, ई-मेल, संकेतस्थळांवरील नोंदणी एवढ्या कामांना ती पुरते. मात्र डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा एखादी ठराविक शासकीय आज्ञावली तिच्यावर चालते का, हे आधी पाहून घ्यावे लागते.

खंडणीच्या विषाणूवर खरा उतारा एकच, तो म्हणजे फाइलींची दुसरी प्रत. ती बाह्य हार्ड डिस्कवर असावी आणि प्रत घेऊन झाली की डिस्क यंत्रापासून वेगळी करावी. कायम जोडलेली डिस्क यंत्राबरोबरच कुलूपबंद होते. आठवड्यातून एकदा प्रत घेणाऱ्या शिक्षकाचे जास्तीत जास्त एका आठवड्याचे काम बुडते. डिफेंडरमध्ये ठराविक फोल्डरांत अनोळखी आज्ञावलीला बदल करू न देण्याची सोय २०१७ पासून आहे, पण ती मूळात बंद असते. ती चालू केल्यास प्रारंभी काही नेहमीच्या आज्ञावल्याही अडविल्या जातात आणि त्यांना एकेक करून मुभा द्यावी लागते. तेवढा खटाटोप सोसण्याजोगा आहे.

लागण झाल्यास

विषाणू शिरल्याचा संशय येताच प्रथम यंत्राचे इंटरनेट तोडावे. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करणारा 'ऑफलाइन स्कॅन' डिफेंडरमध्ये आहे. एरवी लपून बसणारे विषाणू त्यात सापडण्याची शक्यता अधिक असते. बँक, ई-मेल आणि शासकीय संकेतस्थळे यांचे पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून. दूषित यंत्रावरून बदललेला पासवर्ड त्याच क्षणी पुन्हा चोरीस जाऊ शकतो. फाइलींना कुलूप लागले असेल तर खंडणी भरू नये. पैसे दिल्याने किल्ली मिळतेच असे नाही. युरोपोल आणि नेदरलँड्सचे पोलीस यांच्या पुढाकाराने जुलै २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर अनेक जुन्या खंडणी-विषाणूंच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. कुलूप लागलेल्या फाइलींची प्रत जपून ठेवल्यास आज नसलेली किल्ली पुढे उपलब्ध होण्याची आशा राहते.

खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय साहाय्यता क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार नोंदली गेली तर रक्कम मधल्या खात्यातच गोठविता येण्याची शक्यता असते. अन्य प्रकारांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यात करता येते. आणि त्या यंत्रात शाळेतील मुलांची वा लाभार्थ्यांची माहिती असेल, तर ती बाब मुख्याध्यापक किंवा गटविकास अधिकारी यांना त्याच दिवशी लेखी कळवावी. कोणत्या याद्या यंत्रात होत्या, त्या कोणत्या तारखेच्या होत्या आणि त्यांत बँक खात्यांचे क्रमांक होते किंवा नाही, एवढा तपशील त्या पत्रात असला तर संबंधित कुटुंबांना वेळीच सावध करता येते.